बसमध्ये घाम, ऑफिसात हुडहुडी

*प्रिय ताई,*

*मी डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहते. वय २४. फेब्रुवारीत पणजीला पाटोवर एका कंपनीत नोकरीला लागले. रुजू होताना मेल आला, त्यात कपड्यांबद्दल एकच ओळ होती: ‘बिझनेस कॅज्युअल’. पुढे काही नाही. पहिले दोन महिने कॉलेजचेच कुर्ते आणि लेगिंग्ज घालून निभावले. आता उन्हाळ्यात हाल होताहेत. घरून स्कूटरने स्टँडपर्यंत, तिथून तासभर बस आणि पणजीला उतरून ऑफिसपर्यंत चालत. पोचेपर्यंत पाठ भिजलेली असते. आणि आत एसी इतका गार, की अकरा वाजेपर्यंत मी कुडकुडत असते.*

*आमची टीम लीड बंगळुरूची आहे. ती परवा सहज म्हणाली, की कुर्ते जरा घरगुती दिसतात, शर्ट-ट्राउझर बघ. आई म्हणते, ओढणीशिवाय बाहेर पडायचं नाही. मला स्लीव्हलेस घालावंसं वाटतं, पण चालेल की नाही कळत नाही. हाताशी सध्या सहा हजार रुपये आहेत. त्यात काय काय घेऊ?*

*ता. क. केसात फुलांची फाती माळून गेले तर हसतील का?*

*– घामाघूम, डिचोली*

बाय,

तुझं पत्र वाचलं आणि माझी पहिली नोकरी आठवली. पणजीतलीच कचेरी, डोक्यावर गरगरणारा पंखा, आणि पाठीला वेताची जाळी असलेली खुर्ची. मे महिन्यात मी मोठ्या हौसेने आकाशी रंगाची पॉलिस्टरची साडी आणि त्याच कापडाचा ब्लाउज घालून गेले होते. इस्त्री लागत नाही, या एका गुणावर भाळून. दुपारी साहेबांनी बोलावलं म्हणून उठले, तर मागच्या टेबलावरच्या बाईंनी झटकन माझा पदर ओढून पाठीवरून पुढे घेतला. ब्लाउजच्या पाठीवर घामाने अख्खी जाळी उमटली होती. भोकं मोजता आली असती.

त्या बाईंनी नंतर चहाला नेऊन सांगितलं, “घरच्या आरशात बघून कपडे ठरवतेस ना, तिथे चुकतेस. बसमधून उतरल्यावर कशी दिसशील, ते बघून ठरव.” इतक्या वर्षांत कपड्यांवर मला याहून कामाचं कोणी काही सांगितलेलं नाही. तुलाही तेच सांगणार आहे, फक्त जरा लांबण लावून.

आधी त्या मेलमधल्या दोन शब्दांचं बघू. ‘बिझनेस कॅज्युअल’ हे काही शास्त्रात लिहिलेलं नाही. हवाई बेटांवर १९६० च्या दशकात तिथल्या कपडेवाल्यांनीच खटपट करून शुक्रवारी कोट-टाय न घालता सैल, फुलाफुलांचे शर्ट घालून ऑफिसला जायची पद्धत पाडली. कारण सरळ होतं, तिथे उकडतं आणि त्यांना शर्ट खपवायचे होते. पुढे १९९२ साली जीन्सवाल्या लीव्हायसने अमेरिकेतल्या कंपन्यांना एक पुस्तिका धाडली, सूट नको तर काय घालावं ते सांगणारी. त्यात त्यांच्या खाकी पँटींची सोय होतीच. म्हणजे या शब्दाचं मूळ उकाडा आणि दुकानदारी यांत आहे. आपल्याकडे तो आला तेव्हा कोणी विचारलंच नाही, की आमच्या उकाड्याचं काय. पुरुषांसाठी अर्थ ठरला, टाय नको, शर्ट हवा. बायकांसाठी काहीच ठरला नाही, म्हणून प्रत्येक ऑफिसात प्रत्येक बाई अंदाजाने चालते. तू एकटी नाहीस.

खरं तर पणजीच्या कचेऱ्यांना हे नवीन नव्हतं. आमच्या वेळी टायपिंगच्या टेबलांवर बसणाऱ्या कॅथलिक बायका बघ. गुडघ्याखाली पोचणारा सुती फ्रॉक, कोपराच्या जरा वरपर्यंत बाही, कमरेला बेतशीर, पायात बंद सँडल. आम्ही साड्या सावरत धापा टाकायचो आणि त्या दिवसभर ताज्या दिसायच्या. ते कपडे शिवणारा शिंपी ठरलेला असायचा, माप ठरलेलं असायचं. तोच बिझनेस कॅज्युअल. फक्त नाव ठेवलं नव्हतं.

आता उन्हाळा. आकड्यांत बघशील तर गोव्याचा उन्हाळा कोणाला खरा वाटणार नाही. नागपूरला पारा ४५ वर जातो, आपल्याकडे मे महिन्यात ३३-३४. पण तिथे घाम आला की सुकतो, आणि सुकताना अंग गार करतो. आपल्याकडे हवेतच इतकं पाणी, की घामाला जायला जागा नाही. तो अंगावर बसून राहतो, नाहीतर कपड्यात. म्हणून नागपूरकर मैत्रिणीने सुचवलेलं कापड आपल्याला चालेलच असं नाही. सगळं अंग झाकणारं जाड सुती कापड त्यांना उन्हापासून वाचवतं. आपल्याकडे तेच जाड कापड भिजून जड होतं आणि संध्याकाळपर्यंत ओलं राहतं.

सुती धागा स्वतःच्या वजनाच्या आठेक टक्के ओलावा सहज धरून ठेवतो आणि तरी हाताला कोरडा लागतो. लिनन त्याहून जास्त. पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून पॉलिस्टरच्या आत घाम अंगावर तसाच ओघळतो, आणि त्याचा वासही त्या धाग्याला चिकटून बसतो, धुतल्यावर सुद्धा. तुझ्या लेगिंग्ज घामाघूम करतात त्यातही हेच. लायक्रा घातलेलं, कातडीला चिकटलेलं कापड. हवा जाणार कुठून? त्या घरी ठेव. योगासनं कर त्यांवर.

दुकानात गेलीस की लेबल वाचत बसू नकोस. ‘कॉटन’ लिहिलेल्या ताग्यांतही कित्येकदा पॉलिस्टर निघतं. कापडाचा कोपरा मुठीत घट्ट धर, दहा आकडे मोज आणि सोड. अजिबात चुरगळलं नाही, तर त्यात भेसळ आहे समज. चुरगळून कागदासारख्या कडक घड्या पडल्या, तर शुद्ध लिनन किंवा अगदी पातळ सुती. दिसायला छान, पण बसमध्ये तासभर बसून उठलीस की मांडीवर पंखा उघडल्यासारख्या चुण्या. मधलं हवं. चुरगळतं, पण हात फिरवला की अर्ध्या घड्या जातात, असं. सुती-लिनन मिश्रण, जरा दाट विणीचं हातमाग, मंगलगिरी, चांगलं पॉपलिन. मग तोच कोपरा उजेडाकडे धर आणि मागे हात ठेव. बोटं मोजता आली तर अस्तर लागणार, आणि अस्तर म्हणजे दुसरं कापड, दुसरा उकाडा. बोटांचा नुसता आकार दिसला तर घे.

एक रेयॉन नावाचं प्रकरण आहे, ते तुला सगळीकडे दिसेल, कारण स्वस्त असतं आणि मऊ पडतं. वाईट नाही. घाम टिपतं. पण पहिल्या दोन धुण्यांत आटतं आणि ओलं असताना ताण बसला की फाटतं. घ्यायचंच तर एक माप मोठं घे.

रंग म्हटला की सगळे सांगतात, उन्हाळ्यात फिकट घाला. अर्धवट सल्ला आहे. घामाचा डाग सगळ्यात जास्त दिसतो तो राखाडी आणि आकाशी रंगावर. माझी जाळी उगाच नाही उमटली. पांढऱ्यावर कमी दिसतो, गडद निळ्यावर कमी, आणि बारीक छपाईवर किंवा चौकड्यांवर जवळजवळ नाहीच. पांढरं घेशील तर आत पांढरं घालू नकोस, ते कपड्यातून उठून दिसतं. अंगाच्या रंगाशी मिळतं घाल, म्हणजे काहीच दिसत नाही.

आणि आता या सगळ्यात महत्त्वाचं. भिजतो तो कुर्ता नसतो, आतली शमीज भिजते आणि मग ती कुर्त्याला भिजवते. पातळ सुती शमीज घाल आणि पिशवीत दुसरी कोरडी ठेव, एका छोट्या पंचासकट. ऑफिसला पोचलीस की बाथरूममध्ये दोन मिनिटं: ओली काढ, अंग पूस, कोरडी घाल, वर तोच कुर्ता. तुझी ती अकरा वाजताची हुडहुडी निम्मी यानेच जाईल, कारण ती थंडी एसीची कमी आणि ओल्या पाठीची जास्त आहे. घाम कमी करणारी रोल-ऑन वगैरे वापरत असशील तर रात्री झोपताना लाव. सकाळी घामावर लावून ती चालत नाहीत, कातडी कोरडी असताना लावावी लागतात.

राहिलेली निम्मी थंडी मात्र खरीच एसीची आहे, आणि तिथे तुझी चूक नाही. ऑफिसांची हवा किती गार असावी याचे जे आडाखे जगभर वापरतात, ते १९६० च्या दशकातले. त्यात शरीराची उष्णता धरली होती ती ४० वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाची. २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी तपासून दाखवलं, की बायकांच्या अंगात तयार होणारी उष्णता त्या हिशेबापेक्षा बरीच कमी असते. म्हणजे ऑफिस त्या सत्तर किलोवाल्यासाठी गार केलेलं आहे. जपानने २००५ साली यावर साधा तोडगा काढला: उन्हाळ्यात सरकारी कचेऱ्यांत एसी २८ वर, आणि कोट-टायला रजा. आपल्याकडेही जानेवारी २०२० पासून घरगुती एसी चालू केला की आपोआप २४ वर सुरू व्हावा असा नियम आहे. तुमच्या ऑफिसात तो कितीवर आहे, बघ एकदा. २० वर असेल तर विचारायला हरकत नाही. अशा वेळी ‘मला थंडी वाजते’ म्हणू नकोस. ‘वीजबिल’ म्हण.

तोवर टेबलाच्या खणात एक वस्त्र कायमचं ठेव. शाल नको, आजारी दिसतेस. स्वेटर नको. बिनअस्तराचं, सुती, कोपरापर्यंत बाह्यांचं उघडं जाकीट शिवून घे, गडद निळं किंवा काळपट. ते कशावरही चालतं आणि मीटिंगला बोलावलं की दोन सेकंदांत तू ‘फॉर्मल’ होतेस. तुझं स्लीव्हलेसचं अर्धं कोडंही त्यातच सुटतं.

म्हणून तिकडेच येते. स्लीव्हलेस चालेल का? गोव्यात हा प्रश्न विचारायची वेळ यावी याचं मला हसू येतं. बाजारात, देवळाच्या बाहेर, चर्चच्या पायऱ्यांवर, कुठे दिसत नाही? तरी ऑफिसच्या बाबतीत मी सरसकट ‘घाल’ म्हणणार नाही. न्यायालय, बऱ्याचशा सरकारी कचेऱ्या, शाळा इथे बाही लागते, लिहिलेली असो वा नसो. खासगी कंपनीत ती शिवणीवर ठरते. खांद्याची पट्टी खांद्याच्या हाडाच्या टोकापर्यंत पोचली पाहिजे. ती आत सरकली की कपडा ऑफिसचा राहत नाही, समुद्रावरचा होतो. आणि मुंढा, म्हणजे हात घालायची खाच. आरशासमोर उभी राहून हात वर कर, बसमधला दांडा धरल्यासारखा. मुंढ्यातून आतलं काही दिसलं, तर तो खाली गेलाय. रेडीमेडमध्ये बऱ्याच कपड्यांचा मुंढा सैल असतो, कारण त्यांना एकाच मापात सगळ्यांना बसवायचं असतं. शिंप्याकडे नेऊन वरून अर्धा इंच दाबून घे. पाच मिनिटांचं काम आहे.

पहिला महिनाभर तरी स्लीव्हलेसवर ते जाकीट घालून जा, आणि तुझ्या ऑफिसातल्या वरच्या हुद्द्यावरच्या बायका काय घालतात ते बघ. त्यांच्यात एकीने जरी घातलं असेल, तरी वाट मोकळी आहे. एकीनेही नाही, तर एचआरला मेल कर: ‘बिझनेस कॅज्युअलमध्ये काय बसतं, काय नाही, हे लेखी कळवाल का?’ तोंडी विचारू नकोस. तोंडी विचारलं की समोरचा स्वतःच्या आवडीचं उत्तर देतो. लेखी विचारलं की त्याला विचार करावा लागतो, आणि ते सगळ्यांना सारखं लागू होतं.

उगाच घाबरवायला नाही, पण माहीत असावं म्हणून सांगते. कपडे ऑफिसला साजेसे नाहीत असं कोणी नीट शब्दांत सांगणं वेगळं, आणि कपड्यांचं निमित्त करून तुझ्या शरीराबद्दल शेरे मारणं वेगळं. दुसऱ्यासाठी २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. तुझ्या टीम लीडचं बोलणं मात्र पहिल्या प्रकारातलं वाटतं. तिच्याशी भांडायचं काही कारण नाही.

किंबहुना ती अर्धी बरोबर आहे! रागावू नकोस. कॉलेजचा कुर्ता म्हणजे काय असतो? कमरेपर्यंत चिरलेला, खांद्यावरून ओघळलेला, गळ्याला लटकणाऱ्या गोंड्यांचा, आणि खाली लेगिंग्ज. तो घरगुती दिसतो, तो कुर्ता आहे म्हणून नव्हे. त्याला बेत नाही म्हणून. तोच कुर्ता सरळ शिवला, खांदा खांद्यावर बसवला, बाजूची चीर मांडीच्या मध्यावर थांबवली, गळ्याला छोटी उभी पट्टी दिली, गोंडे काढले आणि खाली घोट्यापर्यंतची सरळ सुती पँट घातली, तर तुझ्या बंगळुरूच्या शर्ट-ट्राउझरपेक्षा तू जास्त नीटस दिसशील आणि हवाही खेळती राहील. शर्ट खोचून कमरेला पट्टा आवळायचा, हे आपल्या हवेत म्हणजे स्वतःच्या पोटावर ओलं फडकं बांधणं आहे. शर्ट आवडत असेल तर जरूर घाल, पण जरा लांब, बाहेर सोडायच्या बेताने शिवलेला.

शिंप्याचं एवढं मन लावून सांगतेय, कारण रेडीमेडच्या पैशात तुला दोन कपडे मिळतील तिथे कापड घेऊन तीन शिवून होतात, आणि ते अंगाला बसतात. गावातला शिंपी ब्लाउजात तरबेज असतो, ऑफिसचा कुर्ता त्याच्याकडे सोपवलास तर तो लग्नाचा करून ठेवतो. म्हणून तुला बसतो तो एक जुना कुर्ता बरोबर ने आणि सांग, माप याचं, चीर इथपर्यंत, पाठ एक बोट सैल. पाठीचं सैल विसरू नकोस. कापड पाठीला चिकटलं नाही की घामाचा डाग उठतच नाही. शिवणीच्या आत दोन्ही बाजूंनी दोन बोटं कापड राखायला सांग. आणि कापड देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून मगच दे. आटायचं ते आधीच आटू दे.

आता खळ. तू म्हणशील, हे आजीचं. आजीचंच आहे. सुती कपडा दुपारपर्यंत मान टाकतो, त्याला उभं ठेवायचं तर खळ लागते. बाजारातली फवाऱ्याची खळ चिकट राहते आणि घामाबरोबर पांढरी पुटं उठतात. घरी पेज होतेच ना? वरचं पातळ निवळ काढ, फडक्यातून गाळ, त्यात चौपट पाणी घाल, कपडा उलटा करून बुडव, हलक्या हाताने पीळ आणि सावलीत टाक. पूर्ण वाळायच्या आत, जरा दमट असतानाच इस्त्री कर. फक्त उकड्याची पेज घेऊ नकोस. उकड्या तांदळाची लालसर झाक पांढऱ्या कपड्यावर चढते, माझा एक पांढरा कुर्ता असाच चहात बुचकळल्यासारखा झाला होता. सुरय, म्हणजे न उकडलेल्या तांदळाची घे. आणि खळ पातळ ठेव. दाट झाली तर कापडाची छिद्रं बुजतात आणि तू परत तिथेच, पॉलिस्टरपाशी.

इस्त्रीचा फार धसका घेऊ नकोस मात्र. २०२४ च्या मे महिन्यात सीएसआयआर या सरकारी विज्ञान संशोधन परिषदेने आपल्या प्रयोगशाळांना सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालून या म्हणून सांगितलं होतं, वीज वाचावी म्हणून. दोनापावलाची आपली समुद्रविज्ञान संस्था त्यांचीच. शास्त्रज्ञांना चुरगळलेलं चालतं तर तुझ्या बाहीवरच्या एका सुरकुतीने कंपनी बुडत नाही. मागची बाजू सोड, बसमध्ये ती चुरगळणारच. गळा, पुढची पट्टी आणि बाह्यांच्या कडा कडक असल्या, की माणूस इस्त्रीचा दिसतो.

आईची ओढणी. आईशी वाद घालू नकोस, स्कूटर दाखव. ओढणी चाकात अडकून गळ्याला फास बसतो, अशा अपघातांच्या बातम्या आई सुद्धा वाचत असणार. स्कूटरवर ओढणी नाही, ती डिकीत. बसमध्ये चढल्यावर घे हवी तर. मग ओढणी असायचीच असेल तर लांबलचक जॉर्जेटची कशाला? कुणबी चौकड्याचं छोटं उपरणं घे. लाल-पांढऱ्या चौकटींचं ते कापड आपल्या कुणबी-गावडा बायका शेतात लावणी करताना नेसायच्या, गुडघ्यापर्यंत, खांद्यावर गाठ मारून. दमट हवेत दिवसभर राबणाऱ्या बाईचाच तो पोशाख, म्हणजे तुझ्या आधीचं ऑफिसवेअर. मधे ते जवळजवळ नाहीसं झालं होतं. कोलवाळच्या वेंडेल रॉड्रिक्स या फॅशन डिझायनरने, ज्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली, ते नव्या रंगांत परत विणून घेतलं आणि रॅम्पवर नेलं. आता दुकानांत मिळतं. एकरंगी कुर्त्यावर ते टाकलंस तर आई खूश, एसीत खांदे झाकलेले, आणि तुझ्या टीम लीडला विचारायला एक विषय.

पायांचं थोडक्यात. रबरी चप्पल नको, बंद बूटही नको. मागे पट्टा असलेली सँडल. कोल्हापुरी आवडत असेल तर मेअखेरपर्यंत घाल, जूनमध्ये गुंडाळून माळ्यावर टाक.

सहा हजारांचं असं कर. आधी खालचे कपडे: दोन सुती पँट, एक गडद निळी, एक बदामी. यांवर सगळं जातं. मग तीन कुर्त्यांचं कापड. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाणार असशील तर सकाळी लवकर जा, उन्हात मुठीत कापड धरायचा धीर राहत नाही. कुर्त्याला अडीच मीटर पुरतं, पन्हा मोठा असेल तर दोन. तिन्ही एकाच रंगाच्या कुळातले घेऊ नकोस: एक पांढरा, एक गडद, एक बारीक छपाईचा. मग ते जाकीट. उरले त्यात चार पातळ शमीज. हे सगळं बसवायला शिलाई कुठे किती पडते ते आधी विचार. नाही जमलं, तर तिसरा कुर्ता पुढच्या पगाराला. शमीजवर काटकसर करू नकोस. कॉलेजचे कुर्ते टाकायचे नाहीत. त्यातले जे खांद्याला बसतात त्यांची चीर शिवून घे, गोंडे काढ. फुकटात दोन वाढले.

पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येऊन उभा राहील. लिनन आणि जाड सुती तेव्हा दोन दिवस वाळत नाहीत, कुबट वास धरतात, कपाटात बुरा येतो. पातळ सुती पुढे काढ, बदामी पँट मागे ठेव. तेव्हाचं तेव्हा लिही परत.

आणि फाती. कोणी हसणार नाही. हसलं तर दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी पण ने. जायांची असेल तर मात्र विचार कर. बंद खोलीत, एसीत, त्यांचा वास शेजारच्या तीन टेबलांपर्यंत जातो, आणि एखादीचं डोकं दुखतं. अबोलीला वास नाही, बसच्या उकाड्यातही ती लवकर सुकत नाही. पांढऱ्या कुर्त्यावर तर अबोलीच घाल. वीतभर पुरे, अंबाड्याच्या खाली, हेल्मेट काढल्यावर.

– तुझी ताई